‘वार’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला आणणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, इतवारीत कापडाच्या दुकानावर नव्यानं बसलेले, गोठा सांभाळणारे, सातबारा वाचताना अडलेले, सगळ्यांना कधी ना कधी हा दोन अक्षरी शब्द अडवतो. नागपुरात तर तो बाजारांच्या नावांत आहे, साडीत आहे, पिकाच्या अंदाजात आहे आणि शेजाऱ्यांच्या आडनावातही आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘वार’ हा एकच शब्द आहे की अनेक?

अनेक. लिहायला आणि उच्चारायला सारखे, पण वेगवेगळ्या घरांतून आलेले. आठवड्याचा वार संस्कृतातला. तिथे त्याचा मूळ अर्थ पाळी, ठरलेली वेळ असा आहे. ‘वारंवार’मधला वारही हाच, म्हणजे या पानाच्या मथळ्यातसुद्धा तो बसलेला आहे. ‘तपशीलवार’मधला वार फारसीतून आलेला प्रत्यय. विदर्भातल्या कित्येक आडनावांमधला वार तेलुगूतला. याशिवाय शस्त्राचा वार, कापड मोजायचा वार आणि बाळंतपणातली वार. अर्थ बदलला की काही ठिकाणी लिंगही बदलतं.

२. वाक्यात कोणता वार आहे हे कसं ओळखायचं?

क्रियापद बघा. वार ‘येतो’ किंवा ‘पाळतात’, तेव्हा तो आठवड्याचा. वार ‘करतात’, ‘चुकवतात’, ‘झेलतात’, तेव्हा शस्त्राचा. वार ‘लागतात’, ‘पुरतात’, ‘कमी पडतात’, तेव्हा कापडाचा. आणि वार ‘पडली’ असं स्त्रीलिंगी रूप आलं, की तो बाळंतपणाचा किंवा गोठ्यातला विषय. बाकीचे सगळे वार पुल्लिंगी, ही एकटीच ‘ती वार’.

३. इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी ही नागपुरातल्या भागांची नावं कशी पडली?

ज्या वारी जिथे बाजार भरे, त्या वाराचं नाव त्या जागेला चिकटलं. वाराला ‘ई’ लागून ‘त्या वाराची’ असा अर्थ झाला. पुढचा ‘पेठ’ किंवा ‘बाजार’ हा शब्द बोलताना गळाला आणि नुसतं ‘इतवारी’, ‘शुक्रवारी’ उरलं. पुण्यात हीच गोष्ट निराळ्या रीतीनं झाली. तिथे ‘रविवार पेठ’, ‘शुक्रवार पेठ’ म्हणतात, वार आहे तसा राहतो आणि पेठ हा शब्दही टिकतो. आपल्याकडे वाराचं विशेषणच गावाचा भाग होऊन बसलं.

नावावरून आजच्या बाजाराचा दिवस मात्र ठरवू नका. इतवारी ही आता कापड, सराफा, किराणा, धान्य यांची रोज चालणारी मोठी बाजारपेठ आहे. तिला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. ‘इतवारीत रविवारी बाजार भरतो का?’ असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात, ते नावामुळेच. उलट खेड्यांत आजही ‘बाजाराचा वार कोणता?’ हा खरा, रोजच्या कामाचा प्रश्न आहे, कारण तिथला आठवडी बाजार अजून त्याच वारी भरतो.

४. ‘इतवार’ मराठी की हिंदी?

रूप हिंदी, मूळ दोघींचं एकच. संस्कृत ‘आदित्यवार’ म्हणजे सूर्याचा वार. त्याचं मराठी बोलीत ‘आईतवार’, ‘ऐतवार’ झालं आणि हिंदीत ‘इतवार’. दोन्ही भाषा शेजारी-शेजारी नांदणाऱ्या शहरात हिंदी रूप पक्कं झालं, यात नवल काही नाही. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हेही लक्षात घ्या. मराठी मजकुरात वाराचं नाव ‘रविवार’ लिहावं, जागेचं नाव ‘इतवारी’च ठेवावं. ‘रविवारी स्टेशन’ असं भाषांतर कुणी करू नये, पत्ता चुकेल.

५. शुक्रवारी तलाव आणि जुम्मा तलाव वेगळे आहेत का?

एकच. जुम्मा म्हणजे शुक्रवार, त्यामुळे नावही खरं तर एकच. आजचं अधिकृत नाव गांधीसागर. तिन्ही नावं लोकांच्या तोंडी आहेत, त्यामुळे पत्ता सांगताना समोरच्याच्या वयाकडे बघून नाव निवडलेलं बरं.

६. रविवारनंतर सोमवारच का? आकाशातल्या ग्रहांचा क्रम तर असा नाही.

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठे टाळतात. उत्तर फार सुंदर आहे, म्हणून सावकाश देतो.

जुन्या ज्योतिषात पृथ्वीभोवती फिरताना सर्वांत सावकाश दिसणाऱ्यापासून सर्वांत वेगवान दिसणाऱ्यापर्यंत सात ग्रह असे मांडले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ भाग केले. एका भागाला होरा म्हणतात. प्रत्येक होऱ्याला या क्रमानं एकेक ग्रह स्वामी. सूर्योदयाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याच्या नावाचा तो वार.

आता मोजा. पहिला होरा शनीचा असेल तर तो शनिवार. सात-सातच्या तीन फेऱ्यांत २१ होरे संपले. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा, रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसंच मोजलं की चंद्र येतो, म्हणून सोमवार. चंद्रापासून मंगळ. असं सातही वार मोजून बघा, कुठेही गाडी अडत नाही.

या क्रमातला चौथा ग्रह पुढच्या दिवसाचा स्वामी होतो, हा नियम आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास सूत्रासारखा सांगून ठेवला आहे. ग्रहांची ही मांडणी आणि हाच क्रम भूमध्य समुद्राकाठच्या जगातही होता, त्यामुळे तिकडचा आणि आपला आठवडा एकाच दिवशी एकाच ग्रहाचं नाव घेतो.

७. भारतात वार केव्हापासून लिहिले जाऊ लागले?

शिलालेखांतला सर्वांत जुना मानला जाणारा पुरावा आपल्यापासून फार लांब नाही. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख आहे. त्यात गुप्त संवत १६५, आषाढ शुक्ल द्वादशी आणि ‘सुरगुरूचा दिवस’, म्हणजे गुरुवार, असं लिहिलं आहे. ते वर्ष इ.स. ४८४.

त्याआधी काळ सांगताना तिथी, पक्ष, ऋतू, राज्यवर्ष एवढं पुरत असे. रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेनं दिलेल्या ताम्रपटात कार्तिक शुक्ल द्वादशी आहे, पण वार नाही. आज पंचांगाच्या पाच अंगांत (तिथी, वार, नक्षत्र, योग, करण) वार सगळ्यांना सोपा वाटतो, पण आपल्याकडे तो पाचांमध्ये उशिरा आलेला आहे.

८. वार रात्री १२ वाजता बदलतो की सूर्योदयाला?

दोन्ही बरोबर, आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो.

सरकारी कामकाज, रेल्वे, बँक, रुग्णालय, शाळा या सगळ्यांसाठी वार आणि तारीख मध्यरात्री एकत्र बदलतात. पंचांगासाठी वार सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. त्यामुळे मध्यरात्र ते सूर्योदय या पाच-सात तासांत माणसाजवळ दोन वार असतात.

बाळ रविवारची रात्र उलटून पहाटे ३ वाजता जन्मलं. जन्मदाखल्यावर सोमवारची तारीख येईल. पत्रिका मांडणारे गुरुजी वार रविवार धरतील. दोन्ही कागद खरे आहेत. दाखला ‘दुरुस्त’ करायला धावू नका. गुरुजींना मात्र घड्याळाची वेळ आणि दाखल्यावरची तारीख सांगा, ‘रविवारी रात्री’ असं मोघम सांगू नका.

सूर्योदयही गावोगावी वेगळा. नागपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य ढोबळमानानं २० मिनिटं आधी उगवतो. नागपुरात जूनमध्ये तो साडेपाचच्या सुमारास आणि जानेवारीत पावणेसातनंतर. पुण्या-मुंबईचं पंचांग घेऊन इथला काठावरचा जन्म तपासला तर वार चुकू शकतो.

रेल्वेचं तर कळकळीनं सांगतो. ‘रविवारी रात्री १२.२० ची गाडी’ असं बोलून आपण रविवारचं तिकीट काढतो, आणि ती गाडी शनिवारची रात्र संपताच निघून गेलेली असते. रात्री १२ नंतरच्या गाडीचं तिकीट काढताना झोपायच्या आधीचा वार धरू नका, पुढची तारीख बघा.

लग्नपत्रिकेत मुहूर्त मध्यरात्रीनंतरचा असेल तर दोन्ही वार लिहावेत: ‘रविवार, दि. अमुक, उत्तररात्री (सोमवार पहाटे) १.१० वा.’ ओळ लांब होते, पण पाहुणे वेळेवर येतात.

९. जुमेरात म्हणजे गुरुवार. मग तिच्या नावात जुम्मा कसा?

इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे गुरुवारचा सूर्य मावळला की शुक्रवार लागला. गुरुवारची रात्र ही जुम्म्याची रात्र, म्हणून जुमेरात. प्रश्न ८ मधल्या दोन पद्धतींबरोबर ही तिसरी.

१०. जुन्या तारखेचा वार तोंडी काढता येतो का?

येतो. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेची तारीख घेऊ: १४ ऑक्टोबर १९५६.

वर्षाचे शेवटचे दोन आकडे ५६. त्याला ४ ने भागून १४ (बाकी उरली तर सोडून द्यायची). तारीख १४. महिन्याचा आकडा जानेवारीपासून क्रमानं असा पाठ करायचा: ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. ऑक्टोबरचा ०. बेरीज ५६ + १४ + १४ + ० = ८४. तिला ७ ने भागलं, बाकी ०. शून्य म्हणजे रविवार, १ म्हणजे सोमवार, असं ६ म्हणजे शनिवारपर्यंत. तो दिवस रविवारच होता.

ही रीत १९०० ते १९९९ साठी. २००० ते २०९९ साठी बेरजेत ६ मिळवा, १८०० ते १८९९ साठी २ मिळवा. लीप वर्षातला जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर १ वजा करा. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली: ७७ + १९ + १ + ० + २ = ९९, बाकी १, सोमवार.

११. मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा वार आणि तारीख दरवर्षी का सरकतात?

तारीख धरली तर वार दरवर्षी एकानं पुढे जातो, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनानं, कारण ३६५ मध्ये ५२ आठवडे आणि १ दिवस असतो. पण दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला, म्हणजे तिथीनं होतो. १९५६ साली ती दशमी १४ ऑक्टोबरला होती. त्यामुळे १४ ऑक्टोबर हा एक दिवस आणि दसरा हा दुसरा. दोन्ही दिवशी लोक येतात.

१२. ‘आज वार आहे’ म्हणजे काय? वार तर रोजच असतो.

इथे वार म्हणजे पाळायचा वार. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. ‘वार आहे’ म्हटलं की उपास असेल किंवा निदान सामिष नसेल, हे समजून घ्यायचं. सावजीकडे जेवायला जायचा बेत करताना ‘कुणाचा वार तर नाही ना?’ हे आधी विचारलेलं बरं. श्रावणात विचारायचीही गरज नाही. पंचांगातला ‘घातवार’ मात्र वेगळा: तो राशीनुसार अशुभ मानलेला वार, त्याचा उपासाशी संबंध नाही.

१३. ‘वार लावून जेवणं’ आणि माधुकरी एकच का?

नाही. शिकायला परगावी आलेला गरीब विद्यार्थी सात घरांशी बोलून ठेवी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं पंगतीला बसून जेवे. एखादं घर सुटलं की त्या वारी उपास, नाहीतर नवं घर शोधायचं. माधुकरीत रोज काही घरी जाऊन शिजवलेलं थोडं थोडं अन्न मागून आणायचं असे. पहिल्यात घर त्या मुलाला ओळखत असे, त्याच्या परीक्षेची चौकशी करत असे. जुन्या पिढीतल्या अनेकांचं शिक्षण अशा वारांवर झालं आहे, म्हणून आत्मचरित्रांत हा शब्द भेटतो आणि आजची मुलं अडतात.

१४. नऊवारी साडी खरंच नऊ वार असते का?

१ वार म्हणजे ३ फूट, ३६ इंच, ०.९१४४ मीटर. जुन्या मापात २ हात. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, आजीच्या तोंडी हेच ‘अठरा हाती लुगडं’. बाजारात नऊवारी म्हणून मिळणाऱ्या साड्या ८ वारांपासूनही असतात. उंच किंवा अंगानं भरलेल्या बाईला काष्टा नीट बसायला पूर्ण ९ लागतात, म्हणून घेण्याआधी लांबी मोजून मागा.

सहावारीचं गणित उलट गमतीचं आहे. ६ वार म्हणजे ५.४९ मीटर, आणि आजची गोल साडी साधारण साडेपाच मीटरच असते. पण वेष्टनावर ६.३ मीटर असं छापलेलं दिसतं. ते वाचून ‘सहावारी म्हणजे सहा मीटर’ असा समज झाला आहे. खरं तर त्यात ब्लाउजपीसचे सुमारे ८० सेंटिमीटर मिळवलेले असतात. ब्लाउजपीस कापून घेतल्यावर साडी पुन्हा सहाच वार उरते.

पाचवारी म्हणजे ४.५७ मीटर एवढंच, पण कित्येक घरांत सहावारीलाच सवयीनं ‘पाचवारी’ म्हणतात. तिथे शब्दावर वाद घालू नये, नेसायची पद्धत विचारावी: काष्टा की गोल.

१५. दुकानात वार मागायचा, गज की मीटर?

मीटर. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि आजच्या वैधमापन कायद्याप्रमाणेही भाव व विक्री मीटरमध्येच हवी. इतवारीत हिंदी बोलणारा दुकानदार ‘गज’ म्हणतो, मराठी गिऱ्हाईक ‘वार’ म्हणतं. कापडाच्या व्यवहारात दोघांचा अर्थ ३६ इंच. जमिनीच्या जुन्या कागदांतला गज मात्र ठिकाणानुसार बदलत असे, तो ३६ इंच धरू नका.

पडदे, गाद्यांचे अभ्रे, मंडपाचं कापड अशा मोठ्या खरेदीत फरक जाणवतो. १० वार म्हणजे ९.१४ मीटर. शिंप्यानं वारात सांगितलं आणि आपण मीटरमध्ये घेतलं तर कापड उरेल. त्यानं मीटर सांगितले आणि आपण वार धरले तर १० मीटरमागे ८६ सेंटिमीटर कमी पडतील. लांबी वारात सांगितली तरी रुंदीला पन्हा म्हणतात आणि तो इंचात सांगतात. पन्हा न विचारता घेतलेले वार कुठल्याच हिशेबाला पुरत नाहीत.

१६. प्लॉटच्या बोलण्यात ‘चौरस वार’ आणि सातबाऱ्यावर ‘आर’. दोन्ही एकच का?

अजिबात नाही. उच्चार जवळचा, पण फरक शेकड्यात आहे. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट, जवळजवळ १२० चौरस वार. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ एकरात ४,८४० चौरस वार, १ गुंठ्यात १२१ चौरस वार. गुंठा आणि आर मात्र जवळजवळ सारखे.

नागपुरात प्लॉटचा भाव चौरस फुटानं सांगतात. हैदराबाद किंवा दिल्लीकडचे नातेवाईक चौरस वार किंवा गजानं बोलतात, तेव्हा त्यांच्या भावाला ९ नं भागा. आपला १,५०० फुटांचा प्लॉट त्यांच्या भाषेत सुमारे १६७ वारांचा. करारात मात्र चौरस मीटर लिहिलेलं आहे ना, ते बघूनच सही करा.

१७. सोनोग्राफीनंतर डॉक्टर ‘वार खाली आहे’ म्हणाले. म्हणजे काय?

ही वार म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला अवयव, ज्यातून बाळाला आईकडून प्राणवायू आणि पोषण मिळतं. पुस्तकात तिला अपरा म्हणतात. वार आणि नाळ वेगळ्या: नाळ ही वारेला आणि बाळाच्या बेंबीला जोडणारी दोरी. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची असते. ‘वार खाली’ म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडाजवळ आहे. पाचव्या महिन्यात असं दिसलं तरी गर्भाशय वाढेल तशी ती पुष्कळदा वर सरकते. पण अशा काळात रक्तस्राव झाला तर घरगुती उपाय नको, सरळ रुग्णालय गाठावं.

‘वार पुढे आहे’ किंवा ‘मागे आहे’ यावरून मुलगा-मुलगी ओळखतात म्हणे, असंही सारखं विचारलं जातं. त्यात तथ्य नाही. गर्भलिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

बाळ जन्मल्यावर वार बहुधा अर्ध्या तासाच्या आत पडते. ती अडकली किंवा रक्त थांबत नसेल तर मिनिटामिनिटाला महत्त्व असतं.

१८. गाय व्याली पण वार पडली नाही. किती वेळ वाट बघायची?

काही भागांत हिलाच जार किंवा झार म्हणतात. बहुतेक वेळा काही तासांत पडते. १२ तास उलटूनही अडकलेली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा. लोंबणारी वार ओढू नका, तिला दगड बांधू नका. आत तुकडे राहिले की गर्भाशयात पू होतो, दूध आटतं, पुढचं गाभण राहणं लांबतं. पडलेली वार उघड्या हातानं उचलू नका, कारण सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा, गाईला किंवा कुत्र्याला खाऊ देऊ नका.

१९. ‘वार’, ‘घाव’ आणि ‘वॉर’ यांत बातमी लिहिताना काय फरक ठेवायचा?

धारदार शस्त्र चालवण्याची कृती म्हणजे वार. त्यानं झालेली खूण म्हणजे जखम. ‘पोटावर तीन वार होते’ ऐवजी ‘पोटावर तीन वार केले’ किंवा ‘तीन जखमा होत्या’ लिहा. कुऱ्हाडीचा घाव, काठीचा तडाखा, दगडाचा मार. ‘गँगवॉर’मधला वॉर म्हणजे युद्ध, तो ‘गँगवार’ लिहिला तर अर्थ बिघडतो, म्हणून ऑ हवाच.

२०. ‘जिल्हावार’, ‘तपशीलवार’ जोडून लिहायचं की तोडून?

जोडून. हा प्रत्यय आहे, स्वतंत्र शब्द नव्हे: क्रमवार, विषयवार, नावनिशीवार. ‘नऊवारी’, ‘सहावारी’ हेही जोडूनच. या प्रत्ययाला ‘ई’ लागून नाम होतं: वर्गवारी, प्रतवारी, टक्केवारी.

२१. पैसेवारी म्हणजे काय? आणि सातबाऱ्यावरची आणेवारी तीच का?

नाही, आणि यात शेतकऱ्याचं नुकसान होऊ शकतं, म्हणून नीट वाचा.

पिकाची पैसेवारी म्हणजे गावातलं पीक नेहमीच्या चांगल्या पिकाच्या मानानं किती आलं याचा सरकारी अंदाज. पूर्ण पीक म्हणजे एक रुपया. रुपयात १६ आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले, तरी ‘आणेवारी’ हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. ५० पैशांपेक्षा कमी आली की गाव टंचाईच्या यादीत येण्याची चर्चा सुरू होते. विदर्भात खरिपाचा आधी नजरअंदाज येतो, मग सुधारित आकडा आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी. अंतिम आकडा पीक कापणी प्रयोगावर टेकलेला असतो, नुसत्या नजरेवर नाही.

पैसेवारी ४८ आली म्हणजे दुष्काळ आपोआप जाहीर झाला असं आता धरता येत नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पिकाची हिरवाई, जमिनीतला ओलावा, पाणीसाठा हे निकष पुढे आले. तरी गावातला माणूस पहिला प्रश्न पैसेवारीचाच विचारतो, आणि तो बरोबर विचारतो, कारण वर्षभर राबल्यावर वावरातून काय हाती लागलं ते याच आकड्यात उतरायला हवं.

सातबाऱ्यावरची आणेवारी म्हणजे सामाईक जमिनीत कुणाचा किती हिस्सा. ‘४ आणे’ म्हणजे चौथा हिस्सा. तिचा पिकाशी काही संबंध नाही. अर्ज लिहिताना ‘पिकाची पैसेवारी’ किंवा ‘हिश्श्याची आणेवारी’ असा पूर्ण शब्द लिहा.

२२. मुनगंटीवार, वडेट्टीवार या आडनावांत वार कुठून आला?

तेलुगूतल्या ‘वारु’ या आदरार्थी शब्दातून. अर्थ साधारण ‘अमुक घराण्याची मंडळी’. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड हा पट्टा तेलंगणाला लागून आहे. तिथून आलेली कुटुंबं मराठी झाली, पण आडनावात तेलुगू बहुवचन जपलं. त्याचा आठवड्याच्या किंवा शस्त्राच्या वाराशी संबंध नाही. ‘पवार’ मात्र यांतला नाही, तो ‘परमार’वरून आला.

२३. विज्ञानातली ‘वारंवारता’ आणि संख्याशास्त्रातली वारंवारता एकच का?

कल्पना एकच: एखादी गोष्ट किती वेळा घडली. विज्ञानात एका सेकंदात किती वेळा, म्हणून एकक हर्ट्‌झ. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, नागपूर आकाशवाणीची मध्यम लहरींवरची ५८५ किलोहर्ट्‌झ. संख्याशास्त्रात दिलेल्या माहितीत किती वेळा. तिथे एकक नसतं, नुसती संख्या असते. परीक्षेत संख्याशास्त्राच्या उत्तरापुढे हर्ट्‌झ लिहू नका.

२४. तलवार, घोडेस्वार, परिवार, उमेदवार: या सगळ्यांत वार आहे का?

ऐकायला आहे. तलवार संस्कृत ‘तरवारि’पासून, तिचा शस्त्राच्या वाराशी जोडलेला संबंध केवळ नादाचा. घोडेस्वारात फारसी ‘सवार’. परिवार संस्कृत, अर्थ भोवती असलेली माणसं. उमेदवारात मात्र प्रश्न २० मधलाच फारसी वार आहे: उमेद असलेला.

२५. ‘वारावर’ की ‘वाऱ्यावर’?

वार असेल तर वारावर, वाराला, वाराचा. वारा असेल तर वाऱ्यावर, वाऱ्याला, वाऱ्याचा. ‘हा सण कोणत्या वारावर आला?’ आणि ‘पोरं वाऱ्यावर सोडली.’ स्त्रीलिंगी वारेचं रूप तिसरंच: वारेला, वारेतून. ‘नऊ वारांची साडी’ लिहिताना अनुस्वार विसरू नका, तो अनेकवचनाचा आहे. ‘एका वाराचं कापड’ यात तो नाही.